मास्तरांची डावी डिस्क

शिवणकामाच्या धंद्यात जो बेततो आणि कात्री चालवतो तो मास्तर, बाकीचे सगळे कारागीर. बत्तीस वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःचं दुकान काढलं आणि बेतायलाही स्वतःच उभी राहिली, तेव्हा तिला काय म्हणायचं असा पेच पडला. कुणीतरी 'मास्तरीणबाई' म्हणून पाहिलं. "मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको," बाई फटकन म्हणाली, "आणि माझा नवरा पाण्याचे मीटर वाचतो." त्या दिवसापासून ती मास्तर. दुकानात मास्तर, गल्लीत मास्तर, नवऱ्याच्या तोंडीसुद्धा मास्तर. नवऱ्याला मात्र मास्तर जन्मभर 'अहो' म्हणत आल्या, तेही इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा की आता सगळी गल्लीच त्यांना अहो म्हणते. दूधवाला दारात येऊन खुशाल विचारतो, "अहो आहेत का घरात?"

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. एक लांब टेबल, तीन यंत्रं, एक उंच आरसा आणि भिंतभर बटणांचे डबे. गिऱ्हाईक मात्र नेहमीच्या दुकानात दिसतं तसं नाही. बाजारातला तयार कपडा ज्यांच्या अंगाला बसत नाही, ती माणसं मास्तरांकडे येतात. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड, कुणाचा ऑपरेशननंतर एका बाजूला झोक. मास्तरांचं म्हणणं असं की सरळ माणूस देवाने घडवलेलाच नाही, फक्त काहींचं वाकडेपण कपड्यात मावतं आणि काहींचं मावत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून कापायचा साचा, खाकी कागदावर त्या स्वतः आखायच्या. पहिल्या एकोणतीस वर्षांत अकराशे बेचाळीस पॅटर्न झाले. मग कागदांना कसर लागली.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांची भाची सुट्टीवर आली होती. ती परदेशात कॉम्प्युटरच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने ते सगळे कागद एकेक करून स्कॅन केले, एक काळा डबा आणला, त्यात दोन डिस्क बसवल्या आणि डबा इस्त्रीच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. "हा आपल्या घरातल्या वायफायवर चालतो, मावशी. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. आरशासारखं. एक बिघडली तरी दुसरी आहेच."

"आरशात उलटं दिसतं," मास्तर म्हणाल्या. "म्हणून मी आरशात बघून कधी माप घेत नाही."

"हा सुलटा आरसा आहे."

"मग त्याला आरसा कशाला म्हणता? जुळं म्हणा." भाचीने हात टेकले. हात लावला की कागदांचा भुगा होत होता, ते अहोंनी चार पोती भरून रद्दीत घातले.

आता त्या डब्याची मास्तरांना एवढी का पडली होती, ते सांगायला हवं. तीन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. कात्रीचं एक वेळ जमायचं, कारण कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं असतं. पण पेन्सिलीने मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची, रेघ एका दमात ओढायची तर हात टेकायला जागा नसते. ती रेघ आता वाकडीतिकडी यायची. हे फक्त अहोंना ठाऊक होतं. नवं गिऱ्हाईक आलं की मास्तर "सध्या हातात काम फार आहे हो" म्हणून वाटेला लावायच्या. जुन्यांचे पॅटर्न डब्यातून काढायच्या, कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणायच्या आणि कात्री चालवायच्या. त्या अकराशे बेचाळीस फायली होत्या तोवर मास्तर मास्तर होत्या. त्या गेल्या की बटणं लावून देणारी एक म्हातारी उरणार, हे त्यांनी मनाशी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

एका गुरुवारी सकाळी डबा टीं टीं करायला लागला.

निवृत्त झाल्यापासून घरातले सगळे दिवे, मीटर आणि काटे अहोंच्या अखत्यारीत आले होते, म्हणजे त्यांनीच ते घेतले होते. ते चष्मा लावून धावले. "दोन दिवे हिरवे असायचे. एक नारिंगी झालाय. बंद करून चालू करू का?"

"हात लावाल तर बघा," मास्तर म्हणाल्या आणि त्यांनी भाचीला फोन लावला.

भाचीने तिकडूनच डब्याची तब्येत पाहिली. "डिग्रेडेड दाखवतंय. घाबरू नकोस मावशी, एक डिस्क बिघडलीय, दुसरी ठणठणीत आहे. तसलीच नवी एक आणायला सांग काकांना."

अहो चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि दोन तास तिथल्या माणसाचं डोकं खाऊन दुपारी नवी डिस्क घेऊन आले. भाची तेव्हा दोन मीटिंगांच्या मधे सापडली. ती घाईघाईने म्हणाली, "पुढचं झाकण काढ. दोन खण दिसतील. डावीकडचा ओढून काढ, त्यातली डिस्क काढून नवी बसव आणि परत आत ढकल. बाकीचं तो स्वतः करेल."

"डावा," मास्तर म्हणाल्या.

"हो, डावा. ठेवते मी."

मास्तरांनी सांगितल्याबरहुकूम केलं. आयुष्यभर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला चार खाचा जुळवायला कितीसा वेळ लागणार? पण खण बाहेर आला मात्र, डब्याने असा काही टाहो फोडला की शेजारची मांजर भिंतीवरून खाली उडाली. नवी डिस्क घातली तरी रडं थांबेना. दोन्ही दिवे लाल झाले. अहोंनी शेवटी आपलं बंद-चालूचं औषध देऊन पाहिलं, तर डबा उठला तो कोऱ्या पाटीसारखा. कॉम्प्युटरवर एवढंच आलं की इथे काही सापडत नाही, नव्याने सुरुवात करायची का, आणि केली तर सगळं पुसलं जाईल.

अहोंनी त्याचा फोटो काढून भाचीला धाडला. लगेच फोन आला.

"काही दाबलं नाहीत ना? दाबू नका. कशालाच हात लावू नका." मग तिने जुनी पावती शोधून पाहिली. "मावशी, दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या गं मी. अशा जोडीने घेतलेल्या कधीकधी एकाच सुमाराला जातात. दुसरीवर ताण आला असेल आणि तीही... मी शनिवारी नीट बघते. कागद अजिबात नाहीत का?"

"नाहीत," मास्तर म्हणाल्या. "तू जेव गं वेळेवर." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी आकांत केला नाही. आकांत करणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांनी भिंतीवरचा बटणांचा एक डबा काढला, टेबलावर ओतला आणि जी बटणं आधीच निवडलेली होती ती पुन्हा निवडायला घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, दुकानाची पाटी उतरवायला लागेल."

अहो उठून उभे राहिले. बायकोचा चेहरा इतका पडलेला त्यांनी क्वचितच पाहिला होता, आणि त्यांना तो बघवेना. दुःखात माणूस काहीतरी करायला बघतो. अहोंनी बाहेर काढलेली डिस्क उचलली आणि ते गॅलरीत गेले. अशा डिस्कच्या पोटात जबरदस्त लोहचुंबक असतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुकानात टाचण्या सांडतात आणि मास्तर गुडघ्यांवर बसून वेचतात. मेलेल्या डिस्कचं चुंबक काठीला बांधलं तर उभ्या उभ्या टाचण्या वेचता येतील, असा त्यांचा हिशोब. पाटी उतरणार असेल तर टाचण्या कशाला सांडतील, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला व्हायोलिनवाले आले. मोठ्या वाद्यवृंदात वाजवणारे, एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. व्हायोलिन हनुवटीखाली धरून धरून त्यांचा डावा खांदा वर चढलेला आणि मान कायम कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखी कललेली. काखेत काळ्या कापडाचं पुडकं होतं.

"पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे, मास्तर. नवा कोट हवाय."

"तुमचा पॅटर्न गेला," मास्तर म्हणाल्या. त्यांनी डब्याकडे बोट केलं आणि लगेच हात पदराआड घेतला. "सगळ्यांचेच गेले."

"मग माप घ्या की. मी आज मोकळाच आहे." आणि अंगातला कोट काढून ते आरशापुढे जाऊन उभेही राहिले.

"हातात काम फार आहे हो सध्या."

टेबलावर निवडलेल्या बटणांच्या राशींखेरीज काही नव्हतं. व्हायोलिनवाल्यांनी त्या राशींकडे पाहिलं आणि भल्या माणसासारखं दुसरीकडे पाहिलं. मधेच अहोंनी दगा दिला. ते टेप, वही आणि खडू घेऊन हजर झाले. "तुम्ही सांगा मास्तर, लिहितो मी. रेघाही मारतो. तीस वर्षं आकडे लिहिलेत, एक आकडा कधी चुकला नाही."

मास्तरांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खोलीबाहेर गेला असता. अहो गेले नाहीत. मग नाइलाजाने त्यांनी टेप घेतला. हात थरथरला. गिऱ्हाइकादेखत थरथरला. व्हायोलिनवाले आरशात स्वतःचे बूट बघत राहिले. मास्तरांनी पाठ मोजली, तीरा, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचं अंतर, मोजला, आकडे सांगितले, अहोंनी लिहिले. मग त्यांनी व्हायोलिनवाल्यांच्या अंगावर कोऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा टाचला आणि त्या दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघत राहिल्या. खांद्याचं हाड कुठवर चढलंय ते त्यांच्या नजरेला चटकन दिसलं. नजर काही थरथरत नव्हती.

"अहो, डाव्या खांद्यावर खूण करा. टाचणीपासून दोन बोटं आत."

अहो समोर उभे होते. त्यांनी खडूने ठसठशीत रेघ मारली.

"अहो! डावा म्हटलं मी!"

"डावाच केला की."

"तो तुमचा डावा! कपड्याचा डावा कुठे असतो? जो घालतो त्याचा डावा! बत्तीस वर्षं या दुकानात वावरताय तुम्ही. समोरून बघणाऱ्याच्या डाव्याशी आपला संबंध काय? लोकांचं समोरून..."

मास्तर बोलता बोलता थांबल्या. त्या वळल्या आणि इस्त्रीच्या वरच्या फळीकडे बघत राहिल्या. डबा तोंड त्यांच्याकडे करून बसला होता.

कुठलीही वस्तू समोर आली की मास्तरांचं डोकं आपोआप तिच्या आत शिरतं. कोट हँगरवर असो नाहीतर टेबलावर, डावा म्हणजे कोटाचा डावा. गुरुवारी दुपारी डबा समोर आला तेव्हाही हेच झालं होतं. त्यांनी डब्याचा डावा खण ओढला होता. भाचीने सांगितला होता बघणाऱ्याचा डावा.

"मी चांगली काढली," मास्तर पुटपुटल्या. "वाईट आतच आहे. अहो, मी चांगली काढली! ती डिस्क कुठेय?"

अहोंनी हातातला खडू खाली ठेवला.

"कुठेय म्हणते मी?"

"गॅलरीत," अहो म्हणाले. "शिकंज्यात."

मास्तर गॅलरीकडे ज्या वेगाने गेल्या तो वेग त्यांच्या गुडघ्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मागून अहो, त्यांच्यामागे अंगावर टाचण्या लावलेले व्हायोलिनवाले. डिस्क खरोखरच लोखंडी शिकंज्याच्या जबड्यात आवळलेली होती आणि शेजारी बरणीच्या झाकणात सहा इवलेसे स्क्रू मांडून ठेवले होते.

"उघडलीत?"

"नाही ना उघडली! सगळे स्क्रू काढले तरी झाकण हलेना. काल संध्याकाळपासून झटतोय. आज पक्कडीने उचकटणार होतो," अहो म्हणाले. पक्कड शिकंज्याशेजारीच होती. ती त्यांनी पाठीमागे नेली.

भाचीला फोन लागला. झाला प्रकार ऐकून ती आधी किंचाळली आणि मग इतकी हसली की तिला बोलता येईना. "काका, एक स्क्रू वरच्या स्टिकरखाली लपवलेला असतो! नशीब तुमचं! झाकण एक केसभर जरी उचललं असतंत ना, तर सगळं संपलं असतं." मग तिचा आवाज एकदम उतरला. "मावशी, चूक माझी आहे गं. डिस्कवर नंबर असतो, तो वाचून घ्यायला हवा होता मी. डावा-उजवा म्हणायलाच नको होतं."

"माझंही चुकलंच," मास्तर म्हणाल्या. "आता बोल. आणि कुणाचा डावा ते सांगून बोल."

अहोंनी साही स्क्रू जिथले तिथे बसवले. डबा बंद केला. बघणाऱ्याच्या उजव्या खणातून नवी डिस्क काढून त्या जागी जुनी, चांगली घातली. भाचीने नंबर तीनदा वाचून घेतला. डबा चालू केला. पाच मिनिटं डबा नुसता घुरघुरत राहिला. मग एक दिवा हिरवा झाला, दुसरा नारिंगी.

"आलं!" भाची ओरडली. "सगळं आहे! अकराशे बेचाळीस!"

मास्तर खाली स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. कुणी बघतंय का याची त्यांनी पर्वा केली नाही. इतका आनंद त्यांना दुकानाच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता. मग बिघडलेली डिस्क निघाली, नवी तिच्या जागी गेली, भाचीने तिकडून दुरुस्तीचं बटण दाबलं आणि चांगली डिस्क आपल्याजवळचं सगळं नव्या डिस्कला द्यायला लागली. अहो खुर्ची टाकून समोर बसले आणि दर दहा मिनिटांनी मोठ्याने टक्के सांगायला लागले.

"पॅटर्न मिळाला म्हणजे आता नवं माप नको," व्हायोलिनवाले अंगावरच्या टाचण्या सांभाळत म्हणाले.

"अर्धं काम टाकत नाही मी. उभे राहा."

पॅटर्न आखायला तीन तास लागले. मास्तरांनी ठिपके दिले, अहोंनी गोलाईची पट्टी लावून ते जोडले. "वर घ्या. अजून. तिथे पोट द्या जरा. पोट म्हटलं, ढेरी नाही." रेघ सुबक आली. टक्के त्रेसष्टपर्यंत पोचले होते. दिवेलागणीच्या आधीच दोन्ही दिवे हिरवे झाले.

"एखादी फाइल उघडून बघ मावशी, नीट उघडते ना," भाची म्हणाली.

टेबलावर व्हायोलिनवाल्यांचा कागद पसरलेलाच होता, म्हणून मास्तरांनी त्यांचीच फाइल उघडली. उघडली छान. त्यांनी पडद्यावरचे आकडे बघितले, मग टेबलावरचे. चष्मा पुसून परत बघितले. डावा खांदा अर्ध्या इंचाने आणखी चढला होता. पाठ गोल झाली होती. उजव्या मुंढ्यात तर पाऊण इंचाचा फरक होता. फाइल सहा वर्षांपूर्वीच्या मापाची होती आणि गेल्या तीन वर्षांत त्यांनी त्याच मापावर या माणसाला दोन कोट शिवून दिले होते.

मास्तर त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. अहोंना वाटलं, दगदग झाली असेल.

मंगळवारी व्हायोलिनवाले ट्रायलला आले. कच्च्या टाक्यांचा कोट अंगात घातला, बटण लावलं, डावा हात पुढे धरला आणि उजव्या हाताने हवेतल्या हवेत गज ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोट जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मग पुन्हा. चेहरा असा खुलला की मास्तरांना ते बघणं जड गेलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मागच्या दोन कोटांत हात एवढा जात होता?"

व्हायोलिनवाल्यांनी हात खाली घेतला. "नव्हता जात."

"मग वाजवत कसे होता?"

"बटण काढून. अगदीच आवळलं तर मागच्या रांगेत बसायचो, तिथे कोट काढला तरी कुणाला दिसत नाही."

"आणि तीन वर्षांत तोंड उघडून बोलला नाहीत?"

ते बराच वेळ आस्तराची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुमचा हात थरथरतो हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं, मास्तर. नवं माप मागितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतंत."

मास्तरांना राग आला, लाज वाटली आणि त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, सगळं एकदमच. त्यांनी फक्त त्याच्या डाव्या खांद्यावरची एक सुरकुती हाताने सारखी केली. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

व्हायोलिनवाले गेल्यावर त्यांनी अहोंना कॉम्प्युटरसमोर बसवलं. गेल्या तीन वर्षांत जुन्या मापावर ज्यांना ज्यांना कपडे शिवून दिले होते, त्यांची यादी काढायला लावली. सत्याऐंशी जण निघाले. चष्मा सारखा करून मास्तरांनी यादीतला पहिला नंबर फिरवला.

"मास्तर बोलतेय. एकदा मापाला येऊन जा. नाही, नवं काही शिवायचं नाही. आधीचं मी दिलंय ते अंगात घालून या, आणि कुठे टोचतं ते खरं सांगा."